संगणक घरात आला. हिशेब कधी येणार?



ऊस, पाणी, तोड आणि बिल यांपलीकडचे काही वाचायला हंगामात कुणाला सवड नसते, हे ठाऊक आहे. आजचा विषय वरकरणी शहरी वाटेल. पण तो आपल्या बिलाचाच आहे, म्हणून दहा मिनिटे द्यावीत ही विनंती.

२०२० आणि २०२१ साली शाळा-कॉलेजे बंद पडली आणि पोरांच्या शिक्षणासाठी म्हणून कितीतरी घरांत संगणक आला. कुणी नवा घेतला, कुणी पुण्या-मुंबईच्या पाहुण्याकडून जुना आणला. शाळा सुरू झाल्या, पोरे मोबाईलकडे वळली आणि संगणकावर पांघरूण पडले. आता तो लग्नाचे फोटो साठवायला, सिनेमा बघायला आणि वर्षातून दोनदा कसला तरी फॉर्म भरायला उपयोगी पडतो. आणि उसाच्या पावत्या? त्या अजूनही प्लॅस्टिकच्या पिशवीत, खुंटीला. ट्रॅक्टरला पैसे मोजले की आपण तो दिवसभर राबवतो, पण तेवढ्याच हौसेने आणलेला संगणक मात्र बसून खातो.

माझे म्हणणे दोनच वाक्यांत सांगतो. एक, प्रत्येक सभासदाच्या घरी त्याच्या उसाचा हिशेब त्याच्या स्वतःच्या तक्त्यात असला पाहिजे. दोन, कारखान्याने सभासदाला त्याच्या खात्याची माहिती कागदाबरोबरच अशा स्वरूपात द्यावी की ती त्या तक्त्यात सरळ उतरेल. दुसऱ्याशिवाय पहिले अर्धेच राहते.

तक्ता म्हणजे काय आणि तो कशासाठी

संगणकावरच्या शेकडो सोयींपैकी शेतकऱ्याला सर्वांत उपयोगी कुठली, असे कुणी विचारले तर मी तक्त्याचे नाव घेईन. पोरे त्याला एक्सेल म्हणतात. एक्सेल विकत घ्यावे लागते. पण लिबर ऑफिस नावाचा असाच संच २०१० पासून मोफत मिळतो, त्यातल्या तक्त्याला कॅल्क म्हणतात, आणि त्याच्या पाट्या मराठीतही लावता येतात. चोरीची प्रत वापरायची काही गरज नाही.

या तक्त्याचा जन्म मोठा बोधप्रद आहे. अमेरिकेत डॅन ब्रिकलिन नावाचा विद्यार्थी व्यापारशिक्षण घेत होता. फळ्यावर मांडलेल्या हिशेबातला एक आकडा बदलला की मास्तरांना खालचे सगळे आकडे पुसून पुन्हा मांडावे लागत. हे काम यंत्राने का करू नये, असे त्याच्या मनात आले आणि बॉब फ्रँक्स्टन या मित्राला घेऊन त्याने १९७९ साली व्हिसिकॅल्क हा पहिला लोकप्रिय संगणकी तक्ता बाजारात आणला. एक आकडा बदलला की बाकीचे आपोआप बदलतात, एवढीच त्यातली करामत. आजच्या सगळ्या तक्त्यांचा पाया तोच.

आता आपल्या शेतात या. तक्त्याची पहिली ओळ ही रकान्यांची नावे: गट नंबर, क्षेत्र, उसाची जात, लागण की खोडवा, लागणीची तारीख, नोंदीची तारीख. दुसऱ्या पानावर खेपा: तोडीची तारीख, पावती नंबर, गाडी नंबर, भरलेल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन, निव्वळ वजन. निव्वळ वजन स्वतः लिहू नका, दोन रकान्यांची वजाबाकी तक्त्यालाच करू द्या. पावतीवरचा आकडा शेजारी लिहा. दोन्ही जुळले की झाले.

एवढ्याने काय साधते? पहिली गोष्ट, एकरी उतारा कळतो. सातबारावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते आणि आपण बोलतो गुंठ्यांत. ६२ आर म्हणजे साधारण १.५३ एकर. त्यातून ७० टन ऊस गेला असेल तर एकरी सुमारे ४५.७ टन पडला. तीन वर्षांचे असे आकडे एकाखाली एक आले की कोणता खोडवा मोडायला हवा होता आणि कोणता उगाच मोडला, हे कुणाला विचारावे लागत नाही. दुसरी गोष्ट, खेपा गाडी नंबराप्रमाणे लावल्या की एकाच ट्रॅक्टर-ट्रॉलीचे रिकामे वजन प्रत्येक खेपेला किती आले ते ओळीने दिसते. त्यात मोठा फरक दिसला तर कारण विचारता येते. ट्रॉली बदलली असेल, चिखल असेल. मी संशय घ्या म्हणत नाही, चौकशी करा म्हणतो. पावती हातात घेऊन विचारणारा सभासद आणि 'काटा मारला' म्हणून पारावर ओरडणारा सभासद यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्याला उत्तर द्यावेच लागते.

दराचे गणित घरच्या घरी

तिसरी आणि सर्वांत मोठी गोष्ट दराची. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये ठरवली. त्यावर प्रत्येक ०.१ टक्का वाढीला ३.४६ रुपये जादा. दरासाठी धरलेला उतारा समजा ११.५० टक्के आहे. म्हणजे वाढ १.२५ टक्क्याची, ०.१ चे साडेबारा टप्पे. साडेबाराला ३.४६ ने गुणले की ४३.२५. ते ३५५ मध्ये मिळवले की क्विंटलला ३९८.२५, म्हणजे टनाला ३,९८२ रुपये ५० पैसे. तोडणी-वाहतूक समजा टनाला ९०० रुपये झाली, तर हातात यायला हवेत ३,०८२ रुपये ५० पैसे, आणि त्यानंतर सोसायटीची वसुली व इतर कपाती.

हे एकदा तक्त्यात बसवले की पुढच्या वर्षी फक्त चार आकडे बदलायचे: आधारदर, वाढीचा दर, उतारा आणि तोडणी-वाहतूक. बाकीचे तक्ता बघून घेतो. म्हणूनच म्हणतो, आपला हात जगन्नाथ.

याच पानावर तारखांचा एक रकाना ठेवा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोहोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे मिळायला हवेत आणि उशीर झाल्यास वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज द्यायचे आहे. दोन लाख रुपये पंचेचाळीस दिवस उशिरा आले तर व्याज होते सुमारे ३,६९९ रुपये. रक्कम लहान की मोठी हे ज्याने त्याने ठरवावे. पण किती होते हे तर माहीत हवे! न मोजलेल्या हक्काची मागणी करता येत नाही.

दोन-तीन खाचाखोचा पोरांना सांगून ठेवा. वजनाच्या घरात नुसता आकडा भरायचा. '१२.४५० टन' असे शब्दासकट लिहिले की संगणक त्याला मजकूर समजतो आणि बेरजेतून वगळतो. 'टन' हा शब्द वर रकान्याच्या नावात जातो. हिशेबाचे आकडे इंग्रजी अंकांत भरावेत, म्हणजे अडचण येत नाही. आणि तारखेची मांडणी आधी तपासावी, कारण काही संगणकांवर महिना आधी आणि दिवस नंतर असा अमेरिकी रिवाज लावलेला असतो. मग ५ डिसेंबरची खेप १२ मे रोजी गेलेली दिसते, आणि मे महिन्यात कारखान्याचे धुराडे कुठले?

मराठी मराठीतच राहू द्या

आता थोडे लिपीविषयी. तुमच्यापैकी अनेकांनी हा अनुभव घेतला असेल: कुठल्याशा कार्यालयातून एखादी फाईल मोबाईलवर येते, उघडावी तर आत इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता पाचोळा. फाईल बिघडलेली नसते. ती जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये लिहिलेली असते. या जुन्या फाँटमध्ये संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरेच असतात, वर फक्त मराठी मुखवटा. ज्याच्याकडे तो मुखवटा नाही, त्याला पाचोळाच दिसणार. शिवाय अशा यादीत मराठी नाव शोधता येत नाही आणि नावे अ-ब-कप्रमाणे लावता येत नाहीत.

याला उपाय युनिकोड. जगातल्या लिप्यांतील प्रत्येक अक्षराला एक कायमचा क्रमांक द्यायचा, ही ती पद्धत. १९९१ साली निघालेल्या तिच्या पहिल्याच आवृत्तीत आपली देवनागरी होती. युनिकोडमध्ये लिहिलेले मराठी पुण्यात, परभणीत, पणजीत, कुठल्याही यंत्रावर मराठीच दिसते. त्यासाठी काही विकत आणायला नको. विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट हा सरकारमान्य कळफलक मुळातच असतो. आणि ज्यांना इंग्रजी अक्षरे दाबून मराठी उमटवायचे आहे त्यांच्यासाठी २०१९ पासून विंडोज १० मध्ये मराठी उच्चारानुसारचा कळफलकही आला. सेटिंगमध्ये जाऊन भाषा जोडली की काम झाले.

तरी एक पथ्य पाळायला हवे. 'पाटील' आणि 'पाटिल' हे आपल्याला एकच, संगणकाला दोन. म्हणून नावाबरोबर सभासद क्रमांक नेहमी लिहावा. नावाच्या वेलांटीवरून हिशेब हुकता कामा नये.

आणखी चार अवजारे

इतर सोयी थोडक्यात सांगतो, कारण त्या वापरायला लागले की आपोआप कळतात.

कागद सापडत नाही ही घराघरातली तक्रार, संगणकातही तीच. विंडोजवर एव्हरीथिंग नावाचे छोटे मोफत साधन आहे. फाईलच्या नावातली दोन-तीन अक्षरे लिहिली की ती कुठल्या कोपऱ्यात पडली आहे ते क्षणात दाखवते. पण नाव नीट दिलेले असेल तर! 'नवीन', 'नवीन २', 'शेवटचे नवीन' अशी नावे देणाऱ्याला कुठलेही यंत्र वाचवू शकत नाही. वर्ष आधी लिहावे, मग काम: '२०२५-२६ ऊसबिल', '२०२५-२६ खत', '२०२५-२६ मजुरी'. फाईली आपोआप वर्षवार लागतात.

एकाहून अधिक मजकूर उचलून दुसरीकडे ठेवायचे असतील तर विंडोजची कळ आणि व्ही ही कळ एकत्र दाबावी. आधी उचललेल्या गोष्टींची यादी समोर येते. ही सोय २०१८ पासून आहे, पण ती पहिल्या वेळी चालू करावी लागते. पुष्कळ फाईलींचे एक गाठोडे बांधून पाठवायचे असेल तर सेव्हन-झिप हे जुने आणि मोफत साधन पुरते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दुसरी प्रत. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे महापूर कोल्हापूर-सांगलीकडच्या लोकांना सांगायला नकोत. पाणी आले की पिशवीतल्या पावत्याही जातात आणि संगणकही जातो. म्हणून महिन्यातून एकदा सगळा हिशेब पेनड्राइव्हवर घ्यावा आणि तो पेनड्राइव्ह त्याच घरात ठेवू नये. लेकीच्या किंवा भावाच्या गावी ठेवावा. बेणे आपण एकाच वाफ्यावर विसंबून ठेवतो का?

आणि एक इशारा. मोफत साधन घ्यायचे ते बनवणाऱ्याच्या मूळ ठिकाणाहूनच घ्यावे. 'तुमचा संगणक दुरुस्त करून देतो, हे एवढे उतरवून घ्या' असे फोनवर सांगणाऱ्याच्या सांगण्यावरून काहीही बसवू नये. दूरवरून दुसऱ्याचा संगणक चालवण्याची साधने कामाची असतात, पण चोराच्या हाती गेली तर बँकेचे खाते धुऊन निघते. तसे झालेच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर कळवावे. तसेच विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. जुन्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करत असाल तर जाणत्याचा सल्ला घ्या. यंत्र भंगारात काढायलाच हवे असे नाही, लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली पुष्कळ जुन्या यंत्रांवर चालते.

वारणेचा धडा

'खेड्यात संगणक कशाला' हा वाद आपल्या सहकारात नवा नाही. १९९८ साली वारणानगरला केंद्र व राज्य सरकारच्या मदतीने 'वायर्ड व्हिलेज' हा प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर-सांगलीच्या सत्तरएक गावांत संगणक केंद्रे जोडायची आणि शेतकऱ्याला गावातच सगळी माहिती द्यायची, असा त्याचा मोठा बेत होता. काही वर्षांनी, २००६-०७ च्या सुमारास, एका संशोधन संस्थेने तिथे पाहणी केली. त्यांना दिसले की केंद्रांतल्या संगणकांवर मुख्यतः एकच काम चालते आहे, ते म्हणजे कारखान्याच्या उसाच्या माहितीची देवघेव. मग सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाईलच्या संदेशावर हेच काम करून पाहिले आणि ते स्वस्तात झाले.

काहीजण यावरून म्हणतात, बघा, संगणक फुकट गेला. मला त्यात दुसरेच दिसते. एवढा मोठा बेत बाजूला राहिला आणि सभासदाने त्यातून स्वतःसाठी काय निवडले? माझा ऊस किती गेला आणि माझे पैसे किती झाले! शेतकऱ्याला काय हवे हे त्याने वागण्यातून सांगितले. यंत्र कोणते, हा प्रश्न दुय्यम आहे. माहिती त्याची आहे आणि ती त्याला हवी आहे, ही मूळ गोष्ट.

शंका आणि उत्तरे

'मोबाईलवर वजनाचा संदेश येतो, आणखी काय हवे?' असे काहीजण विचारतील. संदेश एका खेपेचा असतो. त्याने बेरीज होत नाही, मागच्या वर्षाशी तुलना होत नाही, आणि मोबाईल बदलला की तो गेला. संदेश ही खबर आहे, हिशेब नव्हे.

'आमचं वय झालं, आता कुठं शिकायचं?' असे वडीलधारी म्हणतील. काका, शिकायचे नाही, शिकवायचे आहे. कळ कशी दाबायची ते नात दाखवील, पण टोळी कधी आली, कुठल्या गटातली खेप कुठली, कपात कशाची, हे तिला तुम्हीच सांगणार. या निमित्ताने घरातल्या पोरीबाळींना शेतीचा हिशेब कळेल. सातबारावर नाव लागूनही व्यवहार ज्यांना कुणी सांगत नाही, अशा आपल्या घरातल्या बायांनाही तो समोर दिसेल. हा लाभ मला बिलातल्या फरकापेक्षा मोठा वाटतो.

'माहिती बाहेर गेली तर?' ही शंका रास्त आहे. म्हणूनच दुसऱ्याच्या खात्याची माहिती कुणी मागू नये आणि कारखान्याने देऊही नये. ज्याची त्यालाच, ओळख पटवून.

कारखान्याकडून अपेक्षा

१९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे संस्थेच्या दप्तरातील आपल्या व्यवहाराची नोंद पाहण्याचा सभासदाला हक्क आहे, तोही विनामूल्य. कायदा झाला तेव्हा दप्तर म्हणजे वही होती. आज दप्तर म्हणजे संगणक. हक्क तोच आहे, फक्त नोंद वहीतून यंत्रात गेली आहे. सबब संचालक मंडळापुढे माझ्या चार सूचना आहेत.

एक, जो सभासद मागेल त्याला हंगामाअखेर त्याच्या खेपांची व बिलाची माहिती तक्त्याच्या फाईलमध्ये द्यावी. कागदाचे छायाचित्र नको, कारण छायाचित्रातल्या आकड्यांची बेरीज होत नाही.

दोन, कारखान्याचा सगळा मराठी मजकूर, याद्या, नोटिसा आणि अहवाल युनिकोडमध्ये करावा. जुन्या फाँटमधील दप्तर हळूहळू बदलून घ्यावे, नाहीतर ते वाचणारा एकच कर्मचारी उरेल आणि तो निवृत्त झाला की सगळेच अडेल.

तीन, एक कोरा नमुना-तक्ता शेतकी खात्याने तयार करून गटकार्यालयांतून वाटावा. रकाने सर्वांचे सारखे असले तर एकमेकांचे अनुभव ताडून पाहता येतील.

चार, पावसाळ्यात शेतीचे काम जरा सैल असते तेव्हा प्रत्येक गटात दोन दिवसांचा वर्ग भरवावा. सभासदांचे प्रशिक्षण हे सहकार कायद्यातच सांगितलेले आहे. त्यासाठी हारतुरे आणि मांडव नको. चार संगणक, एक शिकवणारा आणि ज्याच्या त्याच्या पावत्या एवढे पुरे.

यात खर्च किरकोळ आहे आणि फायदा दोन्ही बाजूंना आहे. हिशेब समोर असलेला सभासद अफवेवर विश्वास ठेवत नाही. वार्षिक सभेत आरडाओरडा कमी होईल आणि प्रश्न नेमके येतील. नेमक्या प्रश्नांची भीती चांगल्या कारभाराला वाटण्याचे कारण नाही.

१९५० साली प्रवरेला महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला तो शेतकऱ्याने मालक व्हावे म्हणून. मालकीचा दाखला शेअरच्या कागदावर मिळतो, पण मालकी टिकते ती हिशेब डोळ्यांखालून गेल्याने. तेव्हा या आठवड्यात एवढेच करा: संगणकावरचे पांघरूण काढा, खुंटीवरची पिशवी खाली घ्या आणि पहिल्या पावतीपासून भरायला लागा. अडले तर गटकार्यालयात विचारा. आणि येत्या वार्षिक सभेत वरील चार सूचनांना हात वर करा.



— एक ऊस उत्पादक सभासद